आमची वाटचाल : सतारमेकर गल्ली, मिरज

आजोबांनी तानपुऱ्यांचं दुकान घातलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतोय. मधली तीस-पस्तीस वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2020चं.

मार्चमध्ये चौदा तानपुरे तयार होते. ऑर्डर एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याची. हा गृहस्थ वीस वर्षं तुंब्यातली, म्हणजे तानपुऱ्याच्या भोपळ्यातली, आमच्या नावाची चिठ्ठी खरवडून स्वतःचं लेबल चिकटवायचा. पोटासाठी गिळलं. मैफली थांबल्या तसा त्याने फोन उचलणं सोडलं, वर जुने सहा नग परत धाडले. दोन भोपळे वाटेत तडकलेले. आमचे दोन कारागीर रंगकामाला गेले.

तेव्हा धारवाडच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आगाऊ पैसे पाठवले. "तानपुरा केव्हाही द्या, जवारी मात्र तुमच्या हातची हवी." जवारी म्हणजे तारेचा आवाज घुमता करणं. त्यात घाई चालत नाही. तारा टेकतात त्या घोडीवर केसभर कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. थोडं जास्त घासलं की आवाज बसला. खर्जातून, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून, गंधार ('ग') आपोआप उमटला पाहिजे. वडिलांचीच कानस वापरतो. दात निम्मे झिजलेत, म्हणून तर बरी चालते.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले. त्या व्यापाऱ्याचाही फोन आला, म्हणे, "आपल्या तानपुऱ्याचं अभिनंदन!" आपल्या!

आता संगीत पर्यटनाचं वारं आहे. सरकारी गाडीतून पाहुणे येतात, भोपळ्यासोबत फोटो काढतात, पंधरा मिनिटांत जातात. ग्वाल्हेर 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत संगीताचं शहर झालं, आनंद आहे. पण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर इथे मीरासाहेब दर्ग्यात आहे, त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गाणं होतं. पर्यटकांना त्या दिवसांत आणा की! रात्री गाणं ऐकू द्या, सकाळी आमच्याकडे बसवा, कानस हातात द्या. आणि स्टेशनपासून गल्लीपर्यंत निदान एक पाटी लावा.

तानपुरा घ्यायला याल तर नेताना तारा सैल करा, ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हाच्या खिडकीत तर ठेवूच नका. भोपळाच तो, तडकतो.

त्या व्यापाऱ्याला दर सांगितलाय. चिठ्ठी मात्र आता चिकटवत नाही. नाव गळ्याच्या लाकडातच कोरतो.