डाळिंब अजून का ठेवलं, तुम्ही विचारलंत म्हणून

“वहिनी, ते डाळिंब काहून ठेवलं आजून?” लग्नात, आठवडी बाजारात, पिठाच्या गिरणीवर, दर हिवाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच. विचारणाऱ्याला २०१८ची थंडी आठवत असते, आमच्या वावरातून ट्रॅक्टरनं उपटलेली झाडंही आठवत असतात. आजवर “पाहू” म्हणून मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

डाळिंबाला थंडी सोसत नाही, हे अर्धंच खरं आहे. कंदाहारचं डाळिंब जगात नावाजलेलं, आणि तिथं हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. उझबेकिस्तानात तर हिवाळ्यापुरती डाळिंबाची झुडपं वाकवून मातीखाली झाकून ठेवतात आणि वसंतात उघडतात. पानं गाळून झोपी गेलेलं डाळिंब उणे दहा अंशांच्या आसपासची थंडीही काढतं. थंडीत मरते ती कोवळी पालवी, कळी, नुकतं धरलेलं फळ. आपल्याकडे झाड पुरतं झोपतच नाही. पाणी आणि खत देऊन आपणच त्याला जागं ठेवतो.

त्या वर्षी मीच ठेवलं होतं. डाळिंबाला केव्हा फुलवायचं ते आपण ठरवतो, त्यालाच बहार धरणं म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी फुलणारा हस्त बहार धरायचा म्हणून ऑगस्टमध्ये पाणी तोडलं, सप्टेंबरअखेर छाटणी केली, खत दिलं, ऑक्टोबरात ठिबक सुरू केलं. तो निर्णय सपशेल चुकला असं मी आजही म्हणणार नाही. पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचं फळ पावसात सापडतं आणि तेल्या हा डागांचा रोग येतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या आंबे बहाराचं फळ मे महिन्यातल्या ४५ अंशांत पोसायला आमच्या विहिरीत पाणी नसतं. मग उरतो हस्त. तुम्ही माझ्या जागी असता तर काय धरलं असतं, हेही एकदा सांगा.

२९ डिसेंबर २०१८च्या पहाटे नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. आमचा डाळिंबाचा एकर नाल्याकडच्या खोलगट भागात आहे. आभाळ निरभ्र, वारा नाही, अशा रात्री गार हवा पाण्यासारखी उताराला लागते आणि तिथंच साचते. पहाटे गेले तेव्हा ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर होता. पान बोटांत धरलं की काचेसारखं मोडत होतं. दहाच्या उन्हात तीच पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबायला लागली. लिंबाएवढी फळं तीन-चार दिवसांत तपकिरी पडली. एक कापून पाहिलं, आतले दाणे चहाच्या रंगाचे.

आदल्या दिवशी वीज होती. मोकळं पाणी सोडलं असतं तर ओल्या जमिनीनं दिवसाची ऊब धरून रात्री थोडी तरी परत दिली असती. मी सोडलं नाही, कारण पाणी एकदम वाढलं की फळ तडकतं, ही भीती. तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, अगं, तडकलं असतं तर एकच बहार गेला असता ना? ती म्हणते, तीन वर्षांनी पहिलं पीक हातात येत होतं, तुला आज बोलणं सोपं आहे. तिचंही खरं आहे.

पण बाग थंडीनं गेली असं जे तुम्ही म्हणता, ते तसं नाही. पुढचं आम्ही केलं.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं संत्र्याचा बगीचा केला. आपल्याकडे संत्र्याचं कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर असतं. वरचं झाड मेलं आणि बुडातून फुटलं, तर ते जंबेरी, त्याला संत्रं लागत नाही. म्हणून बुडातला फुटवा दिसला की मोडायचा, हे हातालाच शिकवलेलं असतं. जानेवारीच्या मध्यावर मामाजी बांधावर उभे राहून म्हणाले, “वरतून मेलं म्हणजे मेलं. बुडातून आलं तरी काय कामाचं?” डाळिंबाला हे लागू नाही. आमची सगळी झाडं गुटीची, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून केलेली, आपल्याच मुळांवर उभी. बुडातून येईल ते आम्ही लावलेलं भगवा जातीचं डाळिंबच येणार. हे मला माहीत होतं. रोपं आणली तेव्हा मीच मामाजींना समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी आठवलं नाही. मी शेंड्यांची साल नखानं खरवडली, आत तपकिरी निघाली, आणि हो म्हटलं. खाली वाकून बूड पाहिलं नाही. मामाजींना दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, होकार माझा होता.

दोन दिवस ट्रॅक्टर साखळी लावून झाडं ओढत होता. ३०० पैकी १७० निघाली. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर कोणाच्या तरी तुरीच्या मळणीला गेला, म्हणून १३० राहिली. आमच्या शहाणपणानं राहिली नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी चुलीसाठी लाकडं आणायला धुऱ्यावर टाकलेल्या त्या उपटलेल्या झाडांच्या ढिगाकडे गेले. एक खोड ओढलं. मुळं उघडी, वाळलेली, माती केव्हाच झडून गेलेली. आणि बुडापासून वीतभर वर तांबूस पालवी, करंगळीच्या पेराएवढी. मी खरवडलं. हिरवं. दुसरं ओढलं, तेही हिरवं. महिन्याहून जास्त दिवस जमिनीबाहेर पडलेलं झाड फुटायला निघालं होतं. मी तिथंच बसून राहिले. लाकडं आणली नाहीत.

आमच्या आंगणातली जास्वंद त्याच रात्री काळी पडली होती. कढीपत्त्याची सगळी पानं गळली होती. ती झाडं उपटावीत असं घरात कोणालाच सुचलं नाही, आणि होळीच्या सुमारास दोन्ही बुडातून फुटली. म्हणजे काय करायचं ते आंगणात कळत होतं, वावरात कळलं नाही. वावरातल्या झाडावर कर्ज असतं, त्याची वाट पाहवत नाही.

आता मी मृग धरते, डिसेंबरात तोडणी संपवते, पोळ्यानंतर नत्र देत नाही. नवीन झाडांच्या बुडाला मातीची भर आणि वर कुटार, म्हणजे भुसा. कडाक्याची थंडी सांगितली की दिवसा मोकळं पाणी. जळालेल्या फांदीला होळीपर्यंत कात्री लावायची नाही, हा घरातला नियम झाला आहे. यानं सगळं जमलं असं नाही. एका वर्षी तेल्यानं निम्मं फळ नेलं, आणि त्या वर्षी मलाही वाटलं होतं की संत्राच लावावा.

त्या १३० पैकी ११३ झाडं बुडातून आली. ती आज उभी आहेत, म्हणून बाग ठेवली आहे. १७०ची जागा अजून रिकामी आहे. तिथं काय लावायचं यावर मामाजींचं आणि माझं एकमत झालेलं नाही. १३० मागं ११३, तर १७० मागं किती, हा हिशेब मी त्यांच्यासमोर कधी मांडला नाही. पण जानेवारीत ते काठी टेकत बागेत येतात, एखाद्या झाडापाशी वाकतात आणि बुडाची साल नखानं खरवडून पाहतात.