भाचीच्या वहीतलं 'हॅव'

आज संध्याकाळी भाचीची इंग्रजीची वही बघत होते. पहिलंच वाक्य, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' खोडायला पेन उचललं आणि थांबले. ती चुकणारच, कारण मराठीत 'हॅव'साठी एक क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे छत्री आहे, तिच्यात धमक आहे. नातं, वस्तू, गुण, आपण सगळं वेगवेगळं मांडतो. इंग्रजी सगळ्याला 'हॅव' लावते.

तिला म्हटलं, जे आपलं असतं तिथे साधं 'हॅव'. जे चाललेलं असतं, जेवण, गप्पा, तिथे 'हॅविंग' खुशाल वापर. 'वी आर हॅविंग लंच' अगदी बरोबर.

"मग 'शी इज हॅविंग अ बेबी'?"

किती नेमका प्रश्न! म्हणजे तिला बाळ होणार आहे. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे बाळ आहे. मला इतका आनंद झाला की तिला जवळच घेतलं.

मग तिने स्वतःहून पाच वाक्यं लिहिली. चार बरोबर. पाचवं, 'आय कट माय हेअर'. केस तर दुसऱ्यांनी कापले होते! तिथे 'आय हॅड माय हेअर कट' हवं, आपल्या 'कापून घेतले'सारखं. त्यावर उद्या बसणार आहोत.