खांद्यावरचा ढेकर

दुपारचे अडीच वाजले आहेत आणि गेली सतरा मिनिटे मी आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये खिडकीपासून शोकेसपर्यंत आणि शोकेसपासून खिडकीपर्यंत येरझारा घालतो आहे. डाव्या खांद्यावर जुन्या सुती साडीचे चौपदरी दुपटे आहे, दुपट्यावर सात आठवड्यांची नात आहे आणि नातीच्या पोटात, घरातील सर्वांच्या एकमताने, एक ढेकर आहे. तो निघाल्याखेरीज तिला पाळण्यात ठेवायचे नाही, असे बजावून सून आंघोळीला गेली आहे.

मोठी माणसे ढेकर देतात. बाळाचा मात्र काढावा लागतो. पंगतीतून उठताना दिलेला ढेकर ही यजमानाला मिळालेली पोच असते आणि ती ज्याची त्याने द्यायची असते. बाळाच्या बाबतीत त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी कामाला लागावे लागते, जसा विहिरीतून पोहरा काढावा किंवा पायातून काटा. आमच्या घरात या कामाचे तीन संप्रदाय आहेत. सून बाळाला मांडीवर बसवते, हनुवटी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरते, किंचित पुढे झुकवते आणि पाठीवरून हात फिरवते. मालिश करायला येणाऱ्या मावशी त्याला मांड्यांवर पालथे घालतात. विहीणबाई खांदेवाल्या, आणि मी त्यांचा शिष्य. कारण मांडीवर बसवलेल्या बाळाची मान पाहिली की माझाच घसा सुकतो. शिष्याने मूळ पद्धतीत स्वतःची थोडी भर घातली आहे. तळहात खोलगट करून वीस थापा, मग कमरेपासून मानेकडे दहा वेळा हात फिरवणे, मग पुन्हा थापा. उजवा खांदा मी कधीच वापरत नाही. त्याचे कारण मला सांगता येणार नाही, परंतु एकदा वापरला होता तेव्हा सदऱ्याच्या पाठीवरून थेट कमरेपर्यंत दह्यासारखी गुळणी ओघळली होती, एवढे पुरेसे आहे. डावीकडेही ती ओघळतेच, आणि माझ्या सर्व सदऱ्यांच्या डाव्या खांद्याला आता एक आंबूस वास कायमचा आहे. तरीही उजव्या खांद्याविषयीचा माझा ग्रह काही गेलेला नाही.

यामागचे कारण डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून समजावून दिले आहे. उताण्या बाळाच्या पोटात गिळलेली हवा वर, म्हणजे बेंबीच्या बाजूला, जाते आणि अन्ननलिकेचे तोंड राहते पाठीच्या बाजूला, दुधाखाली बुडालेले. बाळ उभे धरले की दूध खाली बसते, हवा त्या तोंडाशी पोहोचते आणि वाट मोकळी होते. मात्र त्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप या वयात सैलच असते, त्यामुळे हवेच्या मागोमाग दूधही निघते. अंगावर पिणारे बाळ बाटलीच्या मानाने हवा कमी गिळते, आणि पकड नीट असेल तर फारच कमी, तेव्हा प्रत्येक वेळी ढेकर यायलाच हवा असे नाही. थोडा वेळ उभे धरा, नाही आला तर खुशाल उताणे झोपवा, असे ते म्हणाले होते. घरी येऊन मी हे सांगितले, ते सर्वांनी शांतपणे ऐकले आणि नंतर कुणीही पाळले नाही.

पुढे एकदा सुनेने मोबाइलवर एक संशोधन वाचून दाखवले. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील मंडळींनी केलेला आणि 2015 साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास होता. एकाहत्तर आया आणि त्यांची नवजात बाळे घेऊन त्यांचे दोन गट केले. एका गटातील आयांना ढेकर काढायला शिकवले, दुसऱ्या गटाला ते शिकवले नाही, आणि तीन महिने नोंदी ठेवल्या. ढेकर काढल्याने पोटदुखीचे रडणे कमी झाले नाही, उलट गुळण्या मात्र त्याच गटात अधिक निघाल्या. विहीणबाई अळिवाचे लाडू वळत होत्या. हातातला लाडू न थांबवता त्यांनी एवढेच विचारले, “आणि त्या एकाहत्तर जणींच्या सासवा तीन महिने कुठे गेल्या होत्या?” मला हा आक्षेप अजूनही निरुत्तर करणारा वाटतो.

खरे सांगायचे तर नातीने ढेकर नवव्या मिनिटालाच दिला आहे. लहान बाटलीचे बूच निघावे तसा आवाज झाला, तिची मान माझ्या गळ्याशी सैल पडली आणि श्वास संथ झाला. मघाशी सुनेने न्हाणीघरातून विचारले, “बाबा, आला का ढेकर?” तेव्हा मी “अजून नाही” असे सांगितले.

या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याची माझी सवय जुनी आहे. साताऱ्याच्या घरी मी सात वर्षांचा असताना काकूला मुलगा झाला. त्याचा ढेकर काढण्याचा मान आजीचा होता. पण आजीला ऐकू कमी येत असे. ती माजघरात बाजेच्या कडेला बसून त्याला खांद्यावर थोपटत राही आणि मला शेजारी उभे करी. बाळाच्या तोंडाशी कान लावायचा आणि ढेकर आला की ओरडून सांगायचे, एवढेच माझे काम होते, आणि मोबदला खडीसाखरेचा एक खडा. धुरीचा, बाळंतशोपांचा, तेलाचा आणि दुधाचा एकत्र वास त्या अंधाऱ्या खोलीत कोंडलेला असे, आणि बाहेर अंगणात गोट्यांचा डाव माझ्यासाठी थांबलेला असे. दोन-चार दिवस मी इमानदारीने ऐकले. नंतर बाळ खांद्यावर गेले रे गेले की मी “आला!” असे ओरडू लागलो. हे फार दिवस चालले नाही, कारण एका दुपारी अशा न आलेल्या ढेकरावर बाळाला निजवल्याबरोबर त्याने सगळे दूध नव्या कुंचीवर काढले. आजी माझ्याकडे नुसती पाहत राहिली. खडीसाखर मागे घेतली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्या जागी माझ्या चुलतबहिणीची नेमणूक झाली.

त्यानंतर माझ्या कानाशी बाळाचे तोंड आले ते एकदम 1988 साली. मुलगा जन्मल्यावर पत्नी सव्वा महिन्याने माहेराहून साताऱ्याला आली होती. वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल आपण उचलायचे नाही, ही आमच्या घरची रीत कुणी कधी शब्दांत सांगितली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. मुलगा दिवसभर सगळ्यांच्या खांद्यावरून फिरे. मी ऑफिसातून आलो की त्याच्याकडे दुरून, आलेल्या पाहुण्याकडे पाहावे तसा पाहत असे.

एका रात्री पत्नीला ताप होता. पडल्या पडल्या मुलाला पाजून ती ग्लानीत गेली आणि तो कळवळून रडू लागला. मी त्याला उचलले, डाव्या खांद्यावर घेतले आणि तिची झोप मोडू नये म्हणून माजघरात येऊन, आजीचे पाहिले होते तसे, थोपटत राहिलो. वडील बाहेरच्या खोलीत झोपत. माठ स्वयंपाकघरात होता आणि तिकडे जाण्याची वाट माजघरातून होती. आत येण्यापूर्वी ते नेहमी खाकरत असत, पण सारे घर झोपले आहे अशा समजुतीने असेल, त्या रात्री ते खाकरले नाहीत. झिरोच्या दिव्यात ते दाराशी उभे दिसले आणि माझा हात मुलाच्या पाठीवर जागीच थांबला. बाळाला खाली ठेवावे तर पाळणा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग ते तसेच मागे वळले आणि पाणी न पिता निजायला गेले.

मुलाचा ढेकर त्या रात्री आला की नाही, हे मला आठवत नाही. त्या गोष्टीविषयी वडील पुढे कधीही काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या रात्रीपासून ते झोपायला जाताना तांब्याभांडे भरून उशाशी नेऊ लागले.