जुलैचे चार खेळ आणि काळ्या मखमलीच्या पट्ट्या

गेल्या वर्षी आषाढीला आम्ही 'संत तुकाराम' लावला होता. खेळ सुटल्यावर जिना उतरता उतरता एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "बाळ, पागनीस एवढे जाड नव्हते रे." पागनीस म्हणजे त्यात तुकोबा झालेले नट. मला तेव्हा काही कळलं नाही. घरी येऊन जेवताना उलगडा झाला. प्रोजेक्टरवर चित्र 'फुल स्क्रीन'वर राहिलं होतं. जवळजवळ चौरस असलेलं चित्र ताणून रुंद पडदाभर पसरलं होतं आणि अख्खं देहू सव्वादोन तास आडवं फुगलं होतं. पन्नासेक माणसांतल्या एका आजोबांना ते खुपलं, मला नाही, याची रात्रभर टोचणी लागली. तेव्हापासून पडद्याचा आकार हा माझा ध्यास झालाय. या जुलैत तो पहिल्यांदा मनासारखा जमला, म्हणून ही महिन्याची नोंद.

आमचं ठिकाण कोल्हापुरात, एका वाचनालयाच्या माडीवर. साठ खुर्च्या, वर पत्रा, दर शनिवारी साडेसहाला एक खेळ. तिकीट नाही, दाराशी डबा ठेवलेला असतो. या महिन्यात चारही चित्रपट जुने निवडले. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे मूळ चित्रपटाची अडचण नव्हती. पण नव्याने दुरुस्त केलेली प्रत किंवा नवे सबटायटल असतील तर ज्यांचे आहेत त्यांना विचारावं लागतं. आम्ही विचारतो, तुम्हीही विचारत जा.

आता मोजमाप. आमचा पडदा १० फूट रुंद आणि ५ फूट साडेसात इंच उंच, म्हणजे आजच्या टीव्हीच्या आकाराचा. त्यावर मूकपटाची ४:३ची चौकट पूर्ण उंचीने बसवली तर रुंदी भरते साडेसात फूट. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच पडदा रिकामा राहतो. सिनेमास्कोपचं, म्हणजे फार रुंद चौकटीच्या चित्रपटाचं, उलटं, रुंदी पुरी भरते आणि वर-खाली आठ-सव्वाआठ इंच उरतात. ही उरलेली जागा काळी दिसते असं आपण धरून चालतो, पण ती काळी नसते. प्रोजेक्टर पुरता काळा रंग देऊच शकत नाही, त्या जागी मळकट राखाडी उजेड पडत राहतो. डोळा त्यालाच अंधार समजतो आणि मग चित्रातल्या खऱ्या अंधाराची धार बोथट होते. म्हणून त्या जागेवर उजेड गिळणारं कापड हवं.

पहिलं कापड चुकलं. काळं आणि स्वस्त बघून सॅटिन आणलं. ते इतकं चकाकायचं की चित्रातला दिवा पट्टीवरही दिसे. नऊ मीटर वाया गेलं. मग दाट लवेची मखमल घेतली. आमच्या शिंपीकाकांनी सांगितलं की लव खालच्या दिशेला ठेव, वरून बघणाऱ्याला उजळ दिसते आणि खालून बघणाऱ्याला गडद. अर्धा तास आम्ही तुकडा उलटासुलटा धरून बघत होतो. काका उभे होते तिथून एक बाजू खरोखर उजळ दिसत होती आणि मी जमिनीवर बसलो होतो तिथून तीच कोळशासारखी. आमचे प्रेक्षक पडद्याच्या खालच्या पातळीवर बसतात, म्हणून काकांच्या सांगण्याप्रमाणे शिवलं. बाजूच्या दोन पट्ट्या खिडकीच्या पडद्यासाठी असतं तसल्या चॅनेलवर दोरीने सरकतात, वरखालच्या दोन अॅल्युमिनियमच्या पाइपवर टांगलेल्या आहेत.

पहिल्या शनिवारी दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग लावले. गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला लागलेल्या त्या चित्रपटाचं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं राहिलंय, आणि ते मूळ १९१३चं की फाळक्यांनी १९१७ला पुन्हा केलेल्याचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पट्ट्यांचं काम सोपं होतं. वेळ खाल्ला तो वेगाने. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. सेकंदाला १६ चित्रांनी फिरवली तर सेकंदाला बरोबर एक फूट सरकते. मूळ लांबी ३,७०० फूट सांगतात. म्हणजे त्या वेगाने तासाभरापेक्षा थोडा जास्त खेळ, आणि बोलपटाच्या २४च्या वेगाने पळवला तर जेमतेम ४१ मिनिटं. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात ती यामुळे. फाळक्यांची माणसं तशी चालत नव्हती, आपण त्यांना पळवतो.

आमच्याकडची फाइल २४ची. प्लेअरमध्ये वेग ०.६७ केला की १६ होतात. तसं करून बघितलं तर राजा पाण्यात चालल्यासारखा जड वाटला. कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे ठरीव असा आकडा नसतोच. शेवटी ०.७५ला थांबलो, म्हणजे १८. कसं ठरवलं ते सांगतो, कारण ही युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. माणसांकडे बघू नका, पाण्याकडे बघा. नट मुद्दाम सावकाश चालू शकतो, पाणी नाही. हौदात तारामतीच्या सख्या पाणी उडवतात तो प्रसंग दहा वेळा लावला. (सख्या म्हणजे साडी नेसलेले पुरुषच, आणि तारामतीही साळुंके नावाचे नटच.) १८ला थेंब जसे पडायला हवेत तसे पडले. पडद्यावरच्या पाट्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मोठ्याने वाचल्या. तेवीस माणसं होती. बाई वाचायला लागल्यावर खुर्च्यांची कुरकुर थांबली.

दुसरा शनिवार 'संत तुकाराम'चा. आषाढीचा आठवडा, खुर्च्या भरून चटया टाकाव्या लागल्या, त्रेसष्ट माणसं. त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल दोघंही कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले, त्यांची प्रभात फिल्म कंपनी १९२९ला इथे सुरू झाली आणि १९३३ला पुण्याला गेली. त्यामुळे १९३६चा हा चित्रपट पुण्यात झाला तरी गावात त्याच्यावर घरचा हक्क सांगतात. पट्ट्या बाजूंनी आत घेतल्या आणि यंदा खरा बदल आवाजात केला. पूर्वी दोन स्पीकर दोन भिंतींना होते, त्यामुळे पागनीस मध्ये उभे आणि अभंग कपाटांतून येतोय असं व्हायचं. जुन्या बोलपटाला एकच ध्वनीपट्टी असते, म्हणून आता एकच स्पीकर बरोबर पडद्याच्या मधोमध, खाली. आवाजातला ट्रेबल, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर, थोडा उतरवला की खरखर दबते, पण फार उतरवाल तर टाळ मरतात. केशवराव भोळ्यांच्या संगीतात टाळ गेले तर काय राहिलं? 'आधी बीज एकले' सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी हलक्याने साथ धरली. ती रचना तुकोबांची नाही, शांताराम आठवल्यांची आहे, हे खेळानंतर सांगितलं तर दोघीतिघींनी ऐकूनच घेतलं नाही.

ते आजोबा आले होते. जाताना पडद्याच्या आकाराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. वैकुंठाला यायला नकार देऊन जिजाई मागे राहते त्याबद्दल फाटकापर्यंत बोलत होते. मला तेच हवं होतं.

तिसऱ्या शनिवारी 'पथेर पांचाली', आणि पाऊस. पत्र्यावर असा कोसळला की रविशंकरांची सतार अर्धी वाहून गेली. बंगाली असल्यामुळे सगळे सबटायटल वाचत होते, म्हणून बसून राहिले. चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. यात आमच्यासारख्या दिवेवाल्या प्रोजेक्टरला धोका असतो. बंद केल्यावर पंखा दिवा निवेपर्यंत फिरतो, वीजच गेली तर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. वीस मिनिटं थांबलो, दिवा वाचला. सोमवारी छोटा यूपीएस आणला. खेळ चालवण्यासाठी नाही, पाच मिनिटं पंखा फिरावा एवढ्यासाठी.

प्रत मात्र अशी की डोळे निवले. या चित्रपटाची निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळली होती. तिचे ठिसूळ तुकडे पुन्हा लवचिक करून इटलीतल्या बोलोन्यात दुरुस्ती झाली आणि २०१५मध्ये चित्रपट परत पडद्यावर आला. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी हा चित्रपट करण्याआधी सिनेमाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. वादळाच्या रात्रीचा मिणमिणता उजेड आणि भोवतीचा काळोख, हे आमच्या पडद्यावर प्रथमच काळोखासारखं दिसलं. मखमलीचे पैसे तिथे वसूल झाले.

चौथा शनिवार 'कागज के फूल', १९५९, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. बाजूच्या पट्ट्या उघडल्या, वरखालच्या लावल्या. माझ्याकडे एका दुकानातून फार पूर्वी घेतलेली डिस्क होती. खात्रीसाठी तीन दिवस आधी दुसऱ्या प्रतीशी ताडून बघितली तर दोन्ही कडा छाटलेल्या निघाल्या. रिकाम्या स्टुडिओतल्या 'वक्त ने किया' या गाण्यात नायक-नायिका एकमेकांपासून लांब उभे आहेत आणि मधल्या अंधारातून उजेडाचा झोत खाली येतोय. छाटलेल्या प्रतीत ते अंतरच उरत नव्हतं, आणि सगळं दुःख तर त्या अंतरात आहे. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं आणि तो झोत मिळवला. स्कोपचा कुठलाही चित्रपट लावण्याआधी अशी तपासणी कराच. पात्रं वारंवार कडेला अर्धी कापली जात असतील तर प्रत छाटलेली आहे. चेहरे उभट लांबोळके दिसत असतील तर प्रत बरोबर असेल, पण चित्र आडवं उलगडलेलं नाही.

चौतीस माणसं होती. झोत पडद्यावर उतरला तेव्हा मी प्रोजेक्टरजवळून उठून पुढे गेलो आणि उरलेलं गाणं भिंतीला टेकून उभ्यानेच बघितलं.

उरलेली कामं दोन. उजवी पट्टी दोरी सैल असल्यामुळे दीड इंच आधीच अडते, तिथली पुली बदलायची आहे. आणि ऑगस्टमध्ये एक परभाषेतला स्कोप चित्रपट घेतलाय. त्याचे सबटायटल खालच्या काळ्या भागात येतात, म्हणजे नेमके माझ्या मखमलीवर. प्लेअरमध्ये ते वर चित्रात सरकवता येतात, पण काही डिस्कवर ते त्या काळ्या भागातच कायमचे छापलेले असतात, हलवता येत नाहीत. अशा वेळी खालची पट्टी काढावी की वरची काढून अख्खं चित्र वर घ्यावं, हे शुक्रवारी रिकाम्या हॉलमध्ये करून बघणार आहे. कुणी आधी केलं असेल तर त्यांच्या पडद्याच्या मापासकट सांगा.