गाळलेल्या ठोक्याची जागा

कार्यक्रम संपून ड्रम सेट सोडवायला घेतला की कोणीतरी हमखास जवळ येतं. कधी नवरदेवाचा भाऊ, कधी गावातलाच ढोलकीवाला, कधी बारावीतलं पोरगं. प्रश्न बहुतेक एकच असतो : "तुम्ही मधेच ठोका गाळता, भलत्याच जागी मारता, तरी ताल तुटत नाही. हे कसं? आणि आम्हाला शिकायचं तर काय करायचं?" पेडलचा स्क्रू सैल करता करता मी दोन वाक्यं सांगतो, तोवर गाडीवाला हॉर्न द्यायला लागतो आणि उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश लिहितो.

मी अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातला. चार एकर काळी जमीन, कपाशी आणि तूर. शेतीच्या कामांतून सवड निघेल तशी लग्नं, गणपती, दुर्गादेवी. बावीस वर्षांपासून ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. जे सांगणार आहे ते अर्धं ड्रमवर शिकलो आणि अर्धं शेतात, म्हणून शेतापासूनच सुरू करतो.

कपाशी टोबल्यावर आठ-दहा दिवसांनी वावरात गेलात, तर तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, मधेमधे रिकाम्या जागा दिसतात. त्यांना आम्ही खांडण्या म्हणतो. कुठं बी उगवलं नाही, कुठं रानडुकरानं उकरलं. आता बघा, खांडणी डोळ्यांना दिसते कशामुळे? तास सरळ आहे आणि दोन झाडांमधलं अंतर सारखं आहे म्हणून. एक झाड नसलं तरी ते कुठं असायला हवं होतं, हे लहान पोरगंही बोट ठेवून दाखवतं. फोकून, म्हणजे हातानं विखरून, पेरलेल्या वावरात खांडणी नसते. तिथं फक्त कुठं दाट, कुठं विरळ.

सिंकोपेशन म्हणजे नेमकं हेच. कानाला जिथं ठोका हवा असतो तिथं तो न देता थोडा आधी किंवा थोडा नंतर द्यायचा. आपल्या संगीतात अतीत, अनागत हे शब्द जुनेच आहेत, आम्ही ऑर्केस्ट्रावाले सरळ 'ऑफबीट' म्हणतो. शिकणारा नेहमी सरकवलेल्या ठोक्याकडे बघतो, कारण तो ऐकू येतो. माझं म्हणणं असं, की सराव त्या ठोक्याचा नसतोच. सराव रिकाम्या राहिलेल्या जागेचा असतो. ती जागा तुमच्या अंगात पक्की असेल तरच ऐकणाऱ्याला ती खांडणी म्हणून दिसते. नाहीतर ते फोकलेलं वावर.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीची वर्षं मी इतरांचं बघून बघून हात बसवले होते. एका गावात दुर्गादेवीच्या कार्यक्रमात गाण्याचा अंतरा आला आणि मी किक (पायपेडलनं वाजणारा बास ड्रम) अशी आडवीतिडवी टाकली, समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच क्रॅश (मोठ्या झांजेचा ठोका) दिला आणि सम सोडून दिली. सोडली खरी, पण ती कुठं होती हे मलाच माहीत नव्हतं. गाणाऱ्या ताई अर्धी मात्रा थांबल्या. ढोलकीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. समोर नाचणाऱ्या पोरांचे पाय जागच्या जागी अडले. कार्यक्रम झाल्यावर ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला पाय ठेवायला जागाच उरली नाही." त्या रात्री मला झोप आली नाही.

मला वाट दाखवली ती आमच्या गावच्या भजनी मंडळातल्या एका बाबांनी. ते खंजिरी वाजवत. आमच्या भागात खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजच डोळ्यांपुढे येतात. महाराजांचा जन्म १९०९चा, यावलीचा, आणि मोझरीचा त्यांचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यात. (त्याच १९०९ साली तिकडे अमेरिकेत विल्यम लुडविग यांनी बास ड्रमसाठी भरवशाचं पायपेडल तयार केलं. ड्रम सेट एकट्या माणसाला आज जसा वाजवता येतो, त्यात त्या पेडलचा वाटा फार मोठा आहे. माझी दोन्ही घराणी एकाच सालची, याचं मला अप्रूप वाटतं.) खंजिरीवर किती थोडं असतं बघा : चामड्याचं एक तोंड, कडेला झांजा, मारायला एक हात. पण बाबा भजनात असे ठोके गाळायचे की ऐकणाऱ्याची मान आपोआप तिथं खाली जायची.

मी त्यांना त्या रात्रीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "काड्या ठेव खाली. चाल माह्यासंगं." आम्ही पांदण रस्त्यानं निघालो. "पाय जमिनीले लागला का टाळी नाही. पाय उचलला का टाळी." ऐकायला सोपं वाटतं. पन्नास पावलं होईतो माझी टाळी पावलावर येऊन चिकटली होती. पुन्हा सुरू केलं. नाल्यापर्यंत जाऊन परत फिरलो तेव्हा कुठं टाळी हवेत राहायला लागली. मग ते म्हणाले, "आता टाळी बंद. पाय चालू दे. तुले टाळी आयकू येते का?" येत होती. "आता उलटं. टाळी मार अन् पाऊल वाजू देऊ नको." म्हणजे पाऊल इतकं हलकं टाकायचं की आवाज नाही, पण वेळ चुकवायची नाही. महिनाभर रोज संध्याकाळी मी तसा चाललो. आजही कोणी शिकायला आलं की आधी पांदण, मग ड्रम.

आता सेटवरचं. डावा पाय हाय-हॅटच्या (एकावर एक बसवलेल्या दोन झांजांच्या) पेडलवर, तो प्रत्येक मात्रेला पडणार, काहीही झालं तरी. तो पाय म्हणजे तुमचा तास. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लावा आणि तोंडानं "तकधिमि तकधिमि" म्हणा, एका मात्रेत चार अक्षरं. उजवा हात राइडवर (बाजूच्या मोठ्या झांजेवर) सारखा चालू ठेवा. मग किक फक्त 'त'वर, पाच मिनिटं. नंतर फक्त 'धि'वर. हे दोन्ही पटकन जमतात, त्यात रमू नका. खरी परीक्षा 'क' आणि 'मि'ची.

इथं थोडा थांबतो, कारण नव्वद टक्के पोरं इथंच घसरतात आणि आपण घसरलो हे त्यांना कळत नाही. मन आळशी असतं, त्याला चार घरांपेक्षा तीन घरं सोपी वाटतात. त्यामुळे 'क' जरा उशिरा पडतो आणि 'मि' जरा लवकर, आणि "तकधिमि"ची नकळत "तकिट" होऊन जाते. गाणं सरळ चाललेलं आणि तुमची किक झोका घेत असलेली, असं काहीतरी होतं. वाजवताना ते गोडही वाटतं. म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. आणि तोंडातली चारही अक्षरं थांबवू नका. जीभ थांबली की घर पडतं. हा सराव ६० वरून ५० वर, मग ४५ वर आणायचा. वेग वाढवून नाही, कमी करून. हळू लयीत दोन ठोक्यांमधलं वावर मोठं होतं आणि चुकायला जागाही जास्त मिळते.

चारही जागा वेगवेगळ्या बसल्या की जोड्या करा : त आणि मि, क आणि धि. नोटेशन (लिहिलेलं संगीत) वाचायला येत असेल तर टेड रीड यांचं १९५८ सालचं सिंकोपेशनचं पुस्तक जगभरचे शिक्षक वापरतात. त्यातली एकेक ओळ स्नेअरवर (समोरच्या छोट्या ड्रमवर) वाजवून सोडून देऊ नका, हात ठेक्यावर ठेवून तीच ओळ किकनं म्हणा. वाचता येत नसेल तर अडत नाही. "तकिट तकिट तक" घ्या. तीन, तीन आणि दोन मिळून आठ. मिरवणुकीत हा तुकडा तुम्ही शंभरदा ऐकला असेल. दर दोन अक्षरांना एक पाऊल धरलं, तर तिन्ही 'त'पैकी फक्त मधला पावलाच्या अधेमधे पडतो. तेवढ्या एका ठोक्यानं सगळी मिरवणूक हलते.

यातला फार मोठा माणूस म्हणजे ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड. जन्म १९४३, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं चॅटनूगा गाव. नोटेशन वाचत नसत. गावातल्या कारखान्यांचे आणि रेल्वेगाड्यांचे आवाज ऐकत वाढले आणि लय तिथून उचलली, असं ते स्वतः सांगत. गायक जेम्स ब्राउन यांच्या १९६७च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये चौथ्या मात्रेवर यायचा स्नेअर त्यांनी अर्धी मात्रा पुढे ढकलला, आणि नुसत्या तेवढ्यानं गाण्याला नवीच चाल आली. हे वाचल्यापासून मी हंगामात कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर नंबर लावून बसतो तेव्हा कंटाळत नाही. यंत्राचा मोठा आवाज सारखा चालू असतो आणि त्यावर कुठलातरी पट्टा मधेच एक फटका मारतो, दोन पावलांच्या बरोबर मधे. मी बंडीवर बसून मांडीवर तो धरतो. रात्री मोटरपंपाजवळ, आईच्या शिलाई मशीनपाशी, सगळीकडे असा एक सरळ तास आणि त्यावर एखादा तिरका ठोका सापडतो. सेट घरी नसेल त्यानं हे नक्की करावं. माझं पॅडही घरचंच आहे : ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर प्लायच्या तुकड्यावर ताणून खिळे मारलेलं. किकसाठी चिंध्या भरलेलं पोतं भिंतीला टेकवून ठेवतो. गावाची झोपमोड होत नाही.

मेट्रोनोमचा एक प्रयोग मात्र कोणी सोडू नये. तो ४० वर लावा आणि त्याची टिक मात्रेवर आहे असं न मानता दोन मात्रांच्या मधे आहे असं माना. म्हणजे पाऊल तुमचं, मधला ठोका यंत्राचा. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात टिक तुमच्या पावलाखाली ओढली जाईल. मला ते जमायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी वाटलं, इतकी वर्षं मी यंत्राच्या बोटाला धरून चालत होतो.

स्नेअरवरच्या बारीक, ऐकू येईल न येईल अशा ठोक्यांबद्दलही पोरं विचारतात. त्याचं थोडक्यात सांगतो : काडी कातड्यापासून दोन बोटांपेक्षा वर जाऊ देऊ नका, आणि मोठा ठोका त्याच्या शेजारी आला तरी बारीक ठोका मोठा होऊ देऊ नका. बाकी हातानं समजतं.

सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात प्रिय, ते समेचं सोडणं. "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि." शेवटच्या 'आणि'वर क्रॅश आणि किक एकत्र, आणि पुढच्या 'एक'वर काहीच नाही. हात आपोआप जातो. त्याला तिथं मारल्याशिवाय राहवत नाही, भीती वाटते की आता सगळं कोसळेल. त्या भीतीवर मला उत्तर मिळालं ते मोझरीला. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. लाखो माणसं उभ्या जागी स्तब्ध होतात. मी लहानपणापासून वडिलांच्या खांद्यावर बसून, मग त्यांचा हात धरून, मग एकटा त्यात उभा राहिलो आहे. तिथं आवाज नसतो, पण ती वेळ मोकळी नसते. शेजारच्याचा श्वास कळतो. प्रत्येकाला माहीत असतं की आपण कशासाठी थांबलो आहोत. एका वर्षी त्या गर्दीत उभं असताना मला समेची भीती वाटेनाशी झाली. सगळ्यांना जागा ठाऊक असेल तर ती वाजवून दाखवावी लागत नाही. तोवर मी ती फक्त माझ्यापुरती मोजत होतो.

किती दिवस लागतात, असंही विचारतात. रोज चाळीस मिनिटं दिली तर 'क' आणि 'मि' चार-पाच महिन्यांत बसतात. सम सोडण्याचं मी सांगू शकत नाही, ते माणसागणिक वेगळं असतं. हल्ली शेजारच्या गावची एक मुलगी शिकायला येते, तिचा भाऊ तिला गाडीवर सोडतो आणि संपेतो थांबतो. मागच्या बुधवारी संध्याकाळी शेतातल्या कोठ्यात ती हेच करत होती. मी तिच्याकडे पाठ करून बैलांना कुटार टाकत होतो. दोनदा ती समेवर घसरली, तिसऱ्यांदा तिनं हात आवरला. क्रॅश वाजला आणि पुढं काहीच नाही. मी वळून बघितलं. तिची नजर खाली होती, डावा पाय चालू होता. दाराशी गाडीवर बसलेला तिचा भाऊ, ज्याला यातलं काही येत नाही आणि जो मोबाइलमध्ये बघत होता, त्याची मान बरोबर त्या रिकाम्या जागी खाली गेली. पुढच्या वेळी पुन्हा गेली. मी तिला काही सांगितलं नाही, चालू दे म्हटलं. तेवढ्यात लाइन आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली, आणि मी टोपलं खाली ठेवून ओलिताचा दांड फोडायला गेलो.