सव्वीस जानेवारीचं गॅदरिंग

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पत्रिका छापत नसत. मार्गशीर्ष सरता सरता सातवीची चार पोरं एक वही घेऊन वाडीवाडीतून फिरायची, तेच आमंत्रण. दारात गेलं की कुणी पायलीभर तांदूळ द्यायचं, कुणी दोन नारळ. कुणी म्हणायचं, "मुंबईची मनीऑर्डर आली की देतो, नाव तेवढं लिहून ठेवा." एकदा नाव वहीत चढलं की ते घर सव्वीस जानेवारीच्या रात्री शाळेच्या अंगणात हजर असायचं. वर्गणी रुपयाची आहे की नारळाची, हे वहीत एकाखाली एक सारख्याच अक्षरात लिहिलेलं असे, आणि लिहिणारं पोर कुठल्या वाडीतलं आहे हे कुणी विचारत नसे.

ही शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातली, शास्त्री नदीच्या खोऱ्यातली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक पडवी आणि दारावर निळ्या रंगातली 'जीवन शिक्षण शाळा' अशी पाटी. पहिली ते सातवी. पट दीडशेच्या वर. गुरुजी गावातच कुणाच्या तरी माडीवर बिऱ्हाड करून राहायचे, त्यामुळे संध्याकाळी शाळा सुटली तरी गुरुजी सुटत नसत. नदीपलीकडच्या वाडीतली मुलं साकवावरून यायची. पावसाचा जोर असला की ती यायची नाहीत आणि त्यांची हजेरी गुरुजी तरीही मांडायचे, असं आम्ही मोठेपणी ऐकलं.

संक्रांत झाली की दुपारनंतरचं शिकवणं आटोपतं व्हायचं आणि नाच बसवायला सुरुवात. पेटी शाळेचीच होती. मृदुंग मात्र नमनवाल्यांकडून, म्हणजे नमन हे कोकणातलं लोकनाट्य करणाऱ्यांकडून, यायचा आणि तो वाजवायलाही नमनवालेच यायचे. शिमग्यात खेळे घेऊन गावोगाव फिरणारी ही माणसं पोरांच्या नाचाला ठेका धरून बसायची, चार पोरं चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. गाणं पोरांनीच म्हणायचं. पुढे नाचणारी वेगळी, मागे पेटीजवळ बसून गाणारी वेगळी. ज्याला यांतलं काहीच जमत नाही त्याच्याकडे पडद्याची दोरी, आणि ती दोरी मिळावी म्हणून भांडणं व्हायची. एकही मूल कामाविना राहता कामा नये, हा मुख्याध्यापकांचा नियम होता. पाठांतर न होणाऱ्या एका मुलाला नाटकात सलग दोन वर्षं झाड केलं होतं. आंब्याचे टाळ हातात धरून तो अर्धा तास हलला नाही, याचं कौतुक अजून गावात होतं.

रंगमंच आम्हीच उभा करायचो. चिऱ्यांचे थर, वर फळ्या, त्यावर शाळेच्या सतरंज्या. मागचा पडदा म्हणजे एकमेकींना टाके घालून जोडलेली लुगडी. ही लुगडी वेगवेगळ्या घरांतून यायची आणि समोर बसलेल्या बायका आपलं लुगडं कुठलं ते शेजारणीला दाखवायच्या. उजेडाला देवरुखहून भाड्याने आणलेल्या दोन गॅसबत्त्या. नाटक ऐन रंगात आलं की बत्ती हमखास मंद व्हायची. मग राजा आणि प्रधान दोघेही गप्प उभे राहायचे, बत्तीला पंप मारून व्हायचा आणि दरबार पुढे चालू व्हायचा.

सकाळी झेंडावंदन आणि प्रभातफेरी, दुपारी सत्यनारायणाची पूजा, संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू. पूजेला सगळं गाव नसायचं. रात्रीच्या कार्यक्रमाला मात्र सगळं गाव असायचं: मराठवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, खालचा मोहल्ला, नदीपलीकडचे. याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. कोकणातल्या गावाला मानपान किती आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात नाचवायची, खांदा पहिला कुणाचा, नारळ कुणाच्या हातून फुटायचा, हे सगळं ठरलेलं, आणि ते मोडलं की वर्षानुवर्षं बोलणं बंद. पालखीवर माझंही प्रेम आहे, शिमग्याला मी आजही गावाला जातो. पण पालखीत गाव आपापल्या जागी उभं असतं. शाळेच्या अंगणात जागा ठरलेल्या नव्हत्या. सरपंच आणि विस्तार अधिकारी यांच्यासाठी दोन खुर्च्या, बाकी सगळे हातरीवर नाहीतर घोंगडीवर, जो आधी येईल तो पुढे. आपलं मूल दिसावं म्हणून सगळ्या वाड्यांच्या आया पुढच्या रांगेत एकमेकींना खेटून बसायच्या. वर्षातून एकदाच, पण बसायच्या.

आणि बक्षिसं! नाच संपला की प्रेक्षकांतून चिठ्ठ्या आणि सुट्टे पैसे पुढे सरकत यायचे आणि गुरुजी भोंग्यावरून वाचायचे, "नदीपलीकडच्या वाडीतून अमुक यांजकडून या गाण्यास रुपये दोन. शाळा आभारी आहे." पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला तरी एकही नाव गाळायचं नाही. एका वर्षी बौद्धवाडीतल्या एका मुलाने बाबासाहेबांवरचं गाणं म्हटलं. आवाज असा की मागे आंब्याखाली विड्या ओढत बसलेले बाप्येही उठून पुढे आले. त्या रात्री सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या त्याला आल्या आणि त्या प्रत्येक वाडीतून आल्या होत्या. गुरुजी नावं वाचत होते आणि त्या मुलाची आई पदर तोंडाला लावून ऐकत होती.

शाळेचं दुसरं अंगण मुंबईत होतं. घरटी एक माणूस गिरणीत, हा आमच्या बाजूचा हिशेब. लालबाग-परळच्या चाळीत 'गावाची खोली' असायची. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे, जेवण खानावळीत. त्या खोलीत महिन्याच्या एका रविवारी गावच्या मंडळाची सभा भरे आणि तिच्या वहीतही शाळेचं पान असे. शाळेची घंटा, भिंतीवरचं घड्याळ, कपाट, पुढे पंखे, सगळ्यावर 'मुंबई मंडळाकडून सप्रेम भेट' असं रंगवलेलं. स्वतः दाटीवाटीत झोपणाऱ्या माणसांनी आमच्या डोक्यावरची कौलं बदलून दिली. पोरं गावाला, बाप मुंबईला. बापाला आपलं पोर रोज दिसत नसे, म्हणून तो शाळेला घड्याळ द्यायचा, असं मला वाटतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते दत्ता सामंत. आठच दिवसांवर आमचं गॅदरिंग होतं. एरवी गणपती-शिमग्यालाच दिसणारी माणसं त्या जानेवारीत परळहून सुटणाऱ्या एस.टी.ने घरी आली. महिनाभरात मिटेल, असंच जो तो म्हणत होता. त्यांच्यात गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे मागावर, काम करणारे एक काका होते. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत त्यांनी कामं केली होती, परळच्या दामोदर हॉलच्या रंगमंचावर उभे राहिले होते. त्यांनी आमच्या नाटकाची तालीम पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून तीच हातात घेतली. प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, दुसरा बोलत असताना आपणही ऐकत राहायचं. तोवर आम्ही आपलं वाक्य झालं की आई कुठे बसली आहे ते शोधायचो. त्या वर्षीचं नाटक लोकांनी पुन्हा करायला लावलं, दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी.

पुढच्या वर्षीही ती माणसं गावातच होती. संप मिटला नव्हता. त्या वर्षी बक्षिसांतल्या नोटा गेल्या आणि नाणी आली, आठ आणे, चार आणे. पण चिठ्ठ्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. "अमुक यांजकडून आठ आणे. शाळा आभारी आहे," हे मुख्याध्यापकांनी त्याच आवाजात, तितकंच सावकाश वाचलं. शिक्षक म्हणून त्यांनी आम्हाला खूप काही शिकवलं, पण मला त्यांची आठवण येते ती त्या वाचण्याची. संपात गावी आलेल्यांतले बरेच जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. कुणी वॉचमन झालं, कुणी भातशेती आणि आंब्याच्या राखणीत उरलेलं आयुष्य काढलं. नाटकवाल्या काकांनी पुढे अनेक वर्षं शाळेची नाटकं बसवली, पैसा न घेता.

जुनं सगळं गोड होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या हातांवर निरगुडीचा फोक बसायचा. हायस्कूल लांब, म्हणून सातवीनंतर कितीतरी मुलींची शाळा सुटायची. उत्तम गाणाऱ्या, उत्तम अभिनय करणाऱ्या त्या मुलींचं ते शेवटचं गॅदरिंग असे आणि त्यांना ते ठाऊक असे. आज एस.टी.च्या मोफत पासावर त्यांच्या नाती कॉलेजपर्यंत पोचल्या आहेत. आज शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे. दुपारचं गरम जेवण गावातलीच बाई शिजवते, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, भिंतीवर मोठा टीव्ही आहे. हे सगळं आमच्या वेळी असतं तर किती बरं झालं असतं.

पण पट अकरा आहे.

त्याचा दोष इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीला देऊन मोकळं होता येतं. गाडी येते हे खरं आहे, तीन-चार मुलं तिने जातात. मोठं कारण वेगळं. गिरण्या गेल्या, चाळीतली खोली गेली आणि माणसं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीला स्वतःच्या खोल्या घेऊन राहू लागली. मग बायको-मुलंही तिकडे गेली. बाप मुंबईला आणि पोर गावच्या शाळेत, ही ताटातूट संपली. या गोष्टीचं वाईट कसं वाटून घेणार? आमच्यातल्या किती जणांनी वडिलांना वर्षातून दोनदा पाहिलं! १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, येणं-जाणं सोपं झालं, पण तोवर शाळा रिकामी होऊ लागली होती. आता इथे पाचवीपर्यंतचेच वर्ग आहेत. दोन शिक्षक. त्यांतले एक घाटावरचे, कुटुंब तिकडे ठेवून इथे आलेले. रविवार सोडून रोज वेळेवर हजर. अकरा मुलांतल्या प्रत्येकाला काय येतं, काय अडतं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

अलीकडे गॅदरिंगला गेलो होतो. अकरा मुलांनीच सगळे कार्यक्रम केले, एकेक मूल पाच-पाचदा कपडे बदलून. दिवे झगझगीत, ध्वनी खणखणीत. गाणी स्पीकरवर लावलेली आणि मुलं नुसती नाचणारी. हे मात्र मला आवडलं नाही आणि तिथल्या तिथे मी तसं बोललोही. मुलं छान नाचतात. पण आमची भसाडी असली तरी गाणी आमच्या गळ्यातून निघायची आणि दुसरा गात असताना त्याला सांभाळून घ्यायला आम्ही शिकायचो. शाळेची पेटी कपाटावर होती, भात्याला भोक पडलेलं. बक्षिसं मात्र चालू आहेत. कुणीतरी मोबाइलवरून विरार-डोंबिवलीच्या मंडळींना कार्यक्रम दाखवत होतं आणि तिकडून नावं येत होती. घाटावरचे गुरुजी ती वाचत होते, "डोंबिवलीहून अमुक यांजकडून रुपये एकशे एक. शाळा आभारी आहे." ही पद्धत त्यांना कुणी शिकवली, मला माहीत नाही.

समोर माणसं थोडी होती, पट थोडा म्हणून नव्हे. ज्यांच्या घरातलं मूल शाळेत नाही ते आता येतच नाहीत. प्रत्येक वाडीचं वेगळं मंडळ झालं आहे, वेगळी पूजा, वेगळा हळदीकुंकवाचा दिवस, वेगळा क्रिकेटचा चषक. सगळ्या वाड्यांच्या आया एका रांगेत बसतील अशी रात्र आता वर्षात उरलेली नाही. शाळा टिकली पाहिजे असं सगळे म्हणतात आणि शिक्षण हे कारण देतात. मी त्यात ही रात्रही धरतो. शाळा उद्या शेजारच्या गावात विलीन झाली तर मुलं रिक्षाने तिकडे जातील, शिकतीलही. पण गावात मानपानाशिवाय बसायला एकही अंगण राहणार नाही.

दिवाळीनंतर विरारला मंडळाची सभा झाली तेव्हा हे सगळं बोललो. वाटलं होतं, ऐकून घेतील आणि विषय बदलतील. पण साचा खात्यातल्या काकांचा नातू उठला आणि म्हणाला, वही पुन्हा फिरवू या. ठरलं ते असं: या वर्षी मुलांबरोबर प्रत्येक वाडीतला एक माजी विद्यार्थी वही घेऊन फिरेल आणि सगळी घरं घेईल, शाळेत मूल असो वा नसो. पेटीचा भाता बदलून झाला आहे, दोन सूर अजून चिकटतात. मृदुंग नमनवाले देणार आहेत. नाटक एक तासाचं, मुलं आणि मोठे मिळून. ज्यांना त्यात काम करायचं आहे त्यांनी पंधरा जानेवारीपर्यंत गुरुजींकडे नावं द्यावीत, तालीम शाळेतच होईल. गाडी पंचवीसच्या रात्री विरारहून सुटेल, ठाणे आणि पनवेलला थांबेल. चादरी आपापल्या आणाव्यात, गावात थंडी आहे. आणि ज्यांच्या घरात जुनी लुगडी असतील त्यांनी ती जरूर आणावीत, पडद्याला अजून सहा कमी पडतात.