‘बघून घेतो’ म्हणजे नेमकं काय?

‘उद्या ये, बघून घेतो तुला.’

भाषातज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आलेल्या धमकीच्या तक्रारीला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आज एवढंच होतं. वरचं कापलेलं, खालचंही कापलेलं.

मला छळतंय ते ‘उद्या ये’. नुसतं ‘बघून घेईन’ भांडणात सर्रास म्हटलं जातं. त्यात ना वेळ, ना कृती. इथे वेळ ठरलीय. पण हेच वाक्य दातांचा डॉक्टरही ओळखीच्या पेशंटला लिहू शकतो!

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ला धमकीमागे घाबरवण्याचा किंवा काही करायला भाग पाडण्याचा हेतू लागतो. नुसते शब्द पुरेसे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०६च्या संदर्भात सांगितलंय.

म्हणून स्क्रीनशॉट नको, अख्खं चॅट हवं, तारीख-वेळेसकट. हा माणूस इतरांना ‘बघून घेतो’ कधी लिहितो? ‘अहो’वरून ‘अरे’वर नेमका कुठल्या मेसेजला आला? माझ्या मते ती घसरण शिवीपेक्षा जास्त बोलते. तरी भाषातज्ज्ञ मन वाचत नाही. कुठला अर्थ संदर्भात बसतो एवढंच सांगतो. हेतू ठरवायचा न्यायालयानं.

आणि कापलेल्या ओळीत ‘दाढ फार दुखतेय’ असेल तर?